बुलेटची रेस उघडताना गाडी अटकते. कार्बोरेटरचं ट्यूनिंग कुठून सुरू करू?

यवतेश्वर_घाट, सातारा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गाडी बुलेट ३५०, १९९८ चं मॉडेल. लोखंडी इंजिन, पॉइंटवाली (ठिणगी यांत्रिक स्विचने पडते ती), कार्बोरेटर मूळचाच, स्लाइडचा. वडिलांनी नवी घेतलेली. ते गेल्यावर तीन वर्षं गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पोतं टाकून उभी होती. गेल्या दिवाळीत बाहेर काढली. टाकी धुतली, बॅटरी टाकली, टायर-ट्यूब बदलले, ऑइल बदललं. आता दुसऱ्या किकला चालू होते आणि स्लोला इतकी सुरेख पडते की शेजारचे आजोबा आवाज ऐकायला अंगणात येऊन उभे राहतात.

त्रास एकच आहे, पण तो मोठा आहे. स्लोवरून रेस उघडली की पहिल्या क्षणाला गाडी आ वासते. घशात घास अडकावा तशी. अर्धा-पाऊण सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम उसळी मारते. सपाटीला सवयीने निभावून नेतो. घाटात मात्र वळणावर रेस सोडून पुन्हा उघडावी लागते आणि तिथेच ती दगा देते. मागच्या आठवड्यात यवतेश्वरच्या चढाला वळणात असं झालं. मागे आई बसलेली, पाठीमागून एसटी आलेली. गाडी अटकली, दोन्ही पाय टेकावे लागले. एसटीवाल्याने वेळेत ब्रेक मारला. तेव्हापासून आईला मागे बसवलेलं नाही.

दोन फिटर करून झाले. पहिल्याने कार्बोरेटरचा एक स्क्रू फिरवला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलला, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या पितळी भोकात, तार घातली, फुंकर मारली आणि नवा कार्बोरेटर टाका म्हणाला. वडिलांच्या गाडीचा मूळ भाग काढून टाकायला मन होत नाही. शिकायची तयारी आहे, हत्यारं आहेत, रविवार मोकळा असतो.

एक गोष्ट कळत नाही. घाट चढून कासला पोचलं की त्रास निम्म्यावर येतो. इंजिन गरम झाल्यामुळे असेल असं वाटायचं. पण परत खाली उतरलो की इंजिन गरमच असतं, तरी पोवई नाक्याला सिग्नलवरून निघताना पुन्हा अटकते.


बोगदा_पार, सातारा
सोमवार, रात्री १०.०५

भावा, माझ्याकडे हेच झालेलं. नवा कार्बोरेटर टाकला, विषय संपला. जुन्यात वेळ घालवू नकोस. शिवाय घाटाचा प्रश्न आहे, जिवाशी खेळ नको.


फिटरकाका, कराड
सोमवार, रात्री १०.५०

पोरा, ४० वर्षं हेच काम केलं, आता गॅरेज मुलगा बघतो. ऐक.

गाडी अटकली की लोक पहिला पेचकस कार्बोरेटरला लावतात. मी शेवटी लावतो. पहिल्या फिटरने स्क्रू फिरवला तो कशासाठी फिरवला, हे त्याला विचारलंस का? नसेल सांगता आलं तर तो अंदाज होता.

आधी हे बघून घे, आणि इंजिन पूर्ण गार असताना बघ. टॅपेटचं झाकण काढ. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आण. दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, दोन बोटांनी फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळ लागता कामा नये. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, मग कितीही जेट बदल, गाडी सरळ येणार नाही.

मग पॉइंट. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजायची पत्री) लाव, पोस्टकार्डाचा तुकडा घालून अंदाज नको. पॉइंटच्या प्लेटखाली ॲडव्हान्सची दोन वजनं असतात. गाडी तीन वर्षं उभी म्हणतोस, ती सुकून जाम झालेली असणार. रेस उघडली की ठिणगी पुढे सरकली पाहिजे, म्हणजे लवकर पडली पाहिजे, ती सरकली नाही तर गाडी अशीच आ वासते आणि बोल कार्बोरेटरला लागतो. पिनांवर तेलाचा एकेक थेंब, जास्त नको. पॉइंटवर तेल गेलं तर वेगळीच कटकट.

रेसची केबल बघ. मुठीला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, स्लो वाढला तर केबल ताणली जातेय.

आणि एअर फिल्टर. शेडमध्ये उभ्या गाडीच्या फिल्टरमध्ये उंदीर घर करतो. माझ्या हातानं काढलंय, म्हणून सांगतोय.

हे सगळं झालं की मग कार्बोरेटर.


संगमकाठ, सांगली
मंगळवार, सकाळी ६.३०

काकांनी क्रम अगदी बरोबर सांगितला. मी कार्बोरेटरपुरतं लिहितो. लांब होईल, पण घाटात आई मागे बसणार आहे म्हटल्यावर थोडक्यात उरकणं बरं वाटत नाही.

उत्तराचा धागा तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. कास.

सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, कास पठार १२०० च्या आसपास. दर १०० मीटरला हवा जवळपास १ टक्का विरळ होते, म्हणजे वर पोचेपर्यंत ५ टक्के. कार्बोरेटरला उंची कळत नाही. जेटचं भोक तेवढंच, त्यातून पेट्रोल जवळपास तेवढंच येतं, हवा मात्र कमी. म्हणजे कासला तुमचं मिश्रण आपोआप रिच होतं, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि रिच झालं की गाडी सुधारते. याचा सरळ अर्थ, खाली साताऱ्यात ती लीन चालते: पेट्रोल कमी, हवा जास्त. तीच गाडी इकडे सांगलीत आणलीत, सुमारे ५५० मीटरला, तर आणखी अटकेल.

खात्री करायची असेल तर गाडी चांगली गरम करा, मोकळ्या जागेत उभी ठेवा, चोक किंचित उचला आणि रेस द्या. अटकणं कमी झालं तर लीन. वाढलं आणि धूर काळा आला तर रिच. एवढी एक परीक्षा केलीत तर निम्मा अंदाजपंचे कारभार थांबतो.

पण लीन कुठे, हे महत्त्वाचं. कार्बोरेटर म्हणजे एक यंत्र नाही, एकाच डब्यात बसवलेली चार यंत्रं आहेत आणि रेस जशी उघडते तशी ती एकमेकांच्या हातात काम देतात. रेस बंद असताना आणि जेमतेम उघडल्यावर स्लोचा छोटा जेट आणि हवेचा स्क्रू. तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या नळकांड्याच्या, खालच्या कडेचा तिरपा काप, पण छोटा जेट अजून मदतीला असतो. पावपासून पाऊणपर्यंत निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई. त्यापुढे मोठा जेट. तुम्हाला त्रास सुरुवातीलाच आहे, तर मोठ्या जेटमध्ये तार घालून काय होणार? उलट पितळ मऊ असतं, तारेने भोक वाढतं. डोळ्याला दिसत नाही आणि परत येत नाही.

म्हणून रेस मोजायला शिका. मुठीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक रेघ मारा. मूठ बंद असताना पट्टीवर रेघेसमोर खूण करा, पूर्ण उघडून दुसरी खूण, मधल्या अंतराचे चार भाग. आता गाडी चालवा आणि अटकते त्या क्षणी कोणती खूण रेघेसमोर आहे ते बघा. रस्ता मोकळा हवा, खाली बघताना वेग कमी हवा.

मग हवेची गळती. कार्बोरेटर आणि हेड यांच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल तरी गाडी लीन चालते, आणि तेव्हा जेट मोठा करणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं. गाडी स्लोला ठेवून जोडावर फवाऱ्याच्या बाटलीने साबणाचं पाणी मारा. स्लो बदलला तर तिथे गळती. काही जण पेट्रोल मारतात. कधीही करू नका, गरम इंजिनावर आगीला आमंत्रण आहे.

हे सगळं निभावलं की स्क्रू. तुमच्या कार्बोरेटरला तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल. तसा असेल तर तो हवा सोडतो: आत आवळला की मिश्रण रिच, बाहेर काढला की लीन. काही गाड्यांना तो इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे तो मिश्रण सोडतो आणि सगळं उलट होतं. अर्ध्या फिटरांचा घोळ इथेच होतो.

करून बघा आणि आकडे लिहून कळवा. एका वेळी एकच बदल.


आरएक्स_वेडा, वाई
मंगळवार, दुपारी १.१५

संगमकाठ, चिकटपट्टीचं वाचून लगेच माझ्या आरएक्स १०० ला केलं. इतकी वर्षं मी पूर्ण रेस देतो असं समजत होतो, गावात फिरताना मूठ पावच्या पुढे जातच नाही! म्हणजे माझी सगळी गाडी छोट्या जेटवर आणि स्लाइडच्या कापावर चालते, आणि मी पैसे खर्च केले मोठ्या जेटवर.

एक प्रश्न. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून टू-स्ट्रोकही उघडताना कोरडी वाटते. मनाचे खेळ की खरंच?


संगमकाठ, सांगली
मंगळवार, रात्री ८.२०

खरंच. नुसत्या पेट्रोलच्या १ भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ च पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. २० टक्के मिसळल्यावर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण ७-८ टक्के लीन. इंजेक्शनच्या ज्या गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर असतो त्या बरंचसं सांभाळून घेतात. आपल्या कार्बोरेटरला कोण सांगणार? २०२३ च्या फेब्रुवारीपासून ई-२० पंपांवर यायला लागलं, १९९८ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. टू-स्ट्रोकला तर जास्त जपा, लीन चालली की पिस्टन पकडते.

यवतेश्वर, तुमच्या गाडीलाही हे लागू आहे, पण आधी सफाई. न धुतलेल्या कार्बोरेटरवर जेट बदलू नका.

दुसरं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोल साठायची वाटी, रिकामी करा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझी गाडी चार दिवस पाण्याखाली होती. कार्बोरेटर खोलला तर वाटीच्या तळाला गाळ होता, तो धुतला की निघून गेला. पण त्याआधी वर्षभर वाटीत सुकलेलं जुनं पेट्रोल लाखेसारखं चिकटलेलं होतं, ते काढताना घाम फुटला. नदीचा गाळ परवडला.


मिरजेची_लेक, मिरज
बुधवार, सकाळी ११.००

धागा सोडून विचारते, माफ करा. माझी ११० सीसी स्कूटर, २०१६ ची. सुरुवातीला छान उचलते, पण चाळीसच्या पुढे जातच नाही, रेस कितीही द्या. हाही कार्बोरेटरच का? हवेचा स्क्रू फिरवू?


संगमकाठ, सांगली
बुधवार, दुपारी २.३०

ताई, स्क्रूला हात लावू नका, तो स्लोचा आहे आणि तुमचा स्लो चांगला आहे. तुमच्या स्कूटरचा कार्बोरेटर व्हॅक्यूमचा असेल. त्यात तुमची केबल फक्त हवेच्या वाटेतली झडप उघडते. स्लाइड इंजिनाच्या ओढीने वर जाते आणि ती ओढ पकडायला वर पातळ रबराचा डायफ्रॅम असतो. त्याला सुईएवढं छिद्र पडलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही. वरची टोपी काढा, खालच्या स्प्रिंगकडे लक्ष ठेवा, डायफ्रॅम उजेडासमोर हळूच ताणून बघा. त्यावर कार्बोरेटर क्लीनर मारू नका, रबर फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. डायफ्रॅम धड निघाला तर बेल्ट आणि व्हेरिएटरचे रोलर बघून घ्या, स्कूटरमध्ये हीच तक्रार तिथूनही येते.


यवतेश्वर_घाट, सातारा
रविवार, रात्री ९.१५

मंडळी, आज सकाळी सातला बसलो ते संध्याकाळी पाचला उठलो. आई मधूनमधून चहा आणत होती आणि काही न बोलता बघत होती. सगळं क्रमाने सांगतो.

काकांचं आधी. इनलेटचा पुशरॉड मोकळा होता, एक्झॉस्टचा फिरतच नव्हता. तो सैल केला. पॉइंटची फट जवळजवळ ०.६ होती, ०.४० ला आणली. ॲडव्हान्सची वजनं, काका, खरोखर जाम होती! एक हलत होतं, दुसरं हाताने ढकलल्यावर परत येत नव्हतं. साफ केली, थेंब सोडला. फिल्टरमध्ये उंदीर नव्हता, पण कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, अंगठ्याएवढं. केबल ठीक.

एवढ्यावर गाडी चालवून बघितली. पुढचा वेग सुधारला, आवाज मोकळा झाला. पण स्लोवरून उघडताना अटकणं होतंच, साधारण एक आणा कमी.

मग चिकटपट्टी. बोगद्यातून पलीकडे सज्जनगडच्या रस्त्याला सकाळी वर्दळ नसते, तिथे गेलो. आठ-दहा वेळा करून बघितलं. दर वेळी अटकायची ती पहिल्या खुणेच्या आत, पावच्याही अलीकडे. पावच्या पुढे गेलं की गाडी लोण्यासारखी. चोक किंचित उचलून दिला आणि अटकणं गेलं! तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून चार वेळा केलं, चारही वेळा गेलं. लीन आहे, आणि फक्त सुरुवातीला आहे, हे स्वतःच्या हाताला कळलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

साबणाचं पाणी मारलं, स्लो जागचा हलला नाही. जोड चांगला आहे.

कार्बोरेटर अंगणात काढला, खाली जुनं पांढरं धोतर अंथरून. वाटी उघडली. मोठा जेट चकचकीत होता, दुसऱ्या फिटरने तार घातलेला हाच. शेजारच्या खोल खड्ड्यात छोटा जेट बसतो. टॉर्च मारून बघितलं तर त्याच्या डोक्याच्या खाचेत तपकिरी थर भरलेला, जसाच्या तसा. पेचकस लागल्याची एक खूण नाही. म्हणजे तो जेट कुणी काढलाच नव्हता. दोन्ही वेळा पैसे दिले, आणि ज्याच्यामुळे गाडी अटकत होती तो भाग तीन वर्षांत कुणी बघितला नव्हता. याचं वाईट वाटलं.

बारीक पेचकस नीट बसवून तो काढला आणि आकाशाकडे धरला. चांगल्या जेटमधून उजेडाचा गोल ठिपका दिसायला हवा. यातून चंद्रकोर दिसत होती. क्लीनरमध्ये तासभर बुडवून, हवा मारून पुन्हा धरला तेव्हा गोल दिसला.

मग गंमत. हवेचा स्क्रू काढून त्या भोकातून क्लीनर मारला (डोळ्यांना चष्मा लावून). स्लाइडखाली नळीच्या तळाला दोन बारीक भोकं आहेत. इंजिनाकडच्या भोकातून फवारा आला, दुसऱ्यातून नुसता ओलावा. संगमकाठ, हे दुसरं कशाचं?


संगमकाठ, सांगली
रविवार, रात्री ९.५०

हेच तुमचं दुखणं! पहिलं भोक स्लोचं. दुसरं बायपासचं. रेस बंद असते तेव्हा स्लाइडची कड त्याच्या जवळपास असते. स्लाइड जराशी वर गेली की बायपासमधूनही पेट्रोल यायला लागतं, आणि निडल काम हातात घेईपर्यंत मधली दरी तेच भरून काढतं. ते बंद असेल तर स्लो झकास आणि उघडताना खड्डा. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं होतं की स्लोला सुरेख पडते. तेव्हाच मी हे ओळखायला हवं होतं.

तार घालू नका. क्लीनर भरून रात्रभर राहू द्या, सकाळी हवा मारा, पुन्हा तेच.


फिटरकाका, कराड
रविवार, रात्री १०.१०

दोन-तीनदा करावं लागतं, धीर धर. हवा उलटीकडूनपण मार, बायपासकडून स्क्रूच्या भोकाकडे. घाण ज्या वाटेनं आली त्या वाटेनं लवकर निघते. आणि काम करताना देवघरातला दिवासुद्धा लांब ठेव. अंगणात पेट्रोल सांडलेलं असतं, ध्यानात राहत नाही.

हवेचा स्क्रू परत बसवताना हलक्या हातानं टेकेपर्यंतच आवळ. जोर लावलास तर टोकाला कडं पडतं आणि मग तो स्क्रू आयुष्यात नीट लागत नाही. टेकला की दीड फेरा बाहेर, तिथून सुरुवात.


बोगदा_पार, सातारा
सोमवार, सकाळी ८.००

मी नवा टाका म्हणालो होतो, पण हे वाचून माझा जुना कार्बोरेटर माळ्यावरून काढला. फेकला नव्हता. त्याचाही छोटा जेट कधी निघालेला नाही, थर तसाच आहे. येत्या रविवारी मीही बसतो.


यवतेश्वर_घाट, सातारा
गुरुवार, रात्री १०.३०

तिसऱ्या दिवशी, उलटीकडून हवा मारल्यावर, बायपासमधून एक काळा कण धोतरावर पडला. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. त्यानंतर दोन्ही भोकांतून सारखा फवारा. तो कण काडेपेटीत ठेवलाय.

गाडी जोडली. वीस मिनिटं फिरवून गरम केली. स्लो किंचित वाढवला, स्क्रू दीड फेऱ्यापासून पाव-पाव फेरा आत-बाहेर करत गेलो आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ऐकलं. सगळ्यात जोरात स्लो मिळाला तो अर्ध्या फेऱ्यावर. अटकणं ९० टक्के गेलंय. पण अर्धा फेरा म्हणजे स्क्रू जवळजवळ बंदच, हे मला पटत नाही.


संगमकाठ, सांगली
शुक्रवार, सकाळी ६.४५

न पटणं बरोबर आहे. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्या आत चांगला लागतो म्हणजे हवा कोंडून तुम्ही पेट्रोलची तूट भरताय. छोटा जेट एक नंबर मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या पुढे लागला असता तर उलट, एक नंबर लहान. आता ई-२० चा हिशेब आठवा. कचरा निघाल्यावर उरलेली तूट बहुतेक तीच आहे.

जेटवर आकडा कोरलेला असतो. त्याच बनावटीचा, लगतचा मोठा घ्या. उडी मारून दोन नंबर वर जाऊ नका.


यवतेश्वर_घाट, सातारा
पुढचा रविवार, संध्याकाळी ६.००

राजवाड्याजवळच्या दुकानात जेट मिळाला नाही, कराडहून काकांनी मुलाकडून पाठवला. पैसे घेतले नाहीत. काका, येऊन भेटतो.

नवा जेट बसवला, स्क्रू सव्वा फेऱ्यावर लागला. स्लो खाली आणला. रेस झटकन उघडली: खड्डा नाही. हळू उघडली: नाही. मग चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या रेसवर गाडी थोडी रोडावल्यासारखी वाटली, तिथेही चोक उचलल्यावर सुधारली, म्हणून निडलची क्लिप तिसऱ्या खाचेतून चौथ्यात, म्हणजे एक खाच खाली घातली. निडल तेवढी वर आली. आता अर्ध्यालाही भरून ओढते. मोठ्या जेटला हात लावलेला नाही, पूर्ण रेसला तक्रारच नाही.

कासला नेऊन आणली. वर किंचित जड वाटते, संगमकाठने सांगितलेलं ५ टक्क्यांचं गणित आता उलट बाजूने जाणवतं. पण गाडी साताऱ्यात रोज चालणार आहे, कासला महिन्यातून एकदा, म्हणून खालचीच सेटिंग ठेवतो.


फिटरकाका, कराड
रविवार, संध्याकाळी ६.४०

ठेव तशीच. एक सांगतो. या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप, म्हणजे रेस देताना जादा पेट्रोल फवारणारा पंप, नसतो. मूठ एका झटक्यात पूर्ण उघडलीस तर हवा हलकी म्हणून आधी धावते, पेट्रोल मागून येतं. चौथ्या गिअरला तीसच्या वेगावरून झटका दिलास तर थोडी दचकणारच, तो दोष नव्हे. वळणाआधी गिअर उतर आणि मूठ गोल गोल उघड.

५०० किलोमीटर झाले की पुशरॉड परत बघ.


मिरजेची_लेक, मिरज
रविवार, रात्री ८.१०

माझ्या डायफ्रॅमला कडेला चीर निघाली. नवा टाकला, स्कूटर आज साठला गेली. उजेडासमोर धरून बघा म्हणालात म्हणून दिसली, नुसती बघून कळली नसती.


यवतेश्वर_घाट, सातारा
सोमवार, रात्री ९.००

आज आईला घेऊन यवतेश्वरला जाऊन आलो. त्याच वळणावर दुसरा गिअर, रेस सोडली, पुन्हा उघडली. गाडी सरळ वर गेली. देवळापाशी उतरल्यावर आई म्हणाली, "तुझे बाबा चालवायचे तेव्हा असाच आवाज यायचा." मुठीवरची चिकटपट्टी अजून काढलेली नाही.